पट्टा कुणाच्या हातात? चित्रातला कुत्रा कसा वाचायचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात. या भागात बरीच चित्रं येणार आहेत. त्यामुळे एक करा, चित्राचं नाव आलं की जरा थांबा, फोनवर ते शोधा आणि झूम करून बघा. मग पुढे वाचा. मजा दुप्पट होईल.

सुरुवात घरच्याच चित्रापासून करू. दत्ताची तसबीर आठवा. तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. ही चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आपल्याला लहानपणीच कुणीतरी सांगितलेलं असतं. आता गंमत बघा. त्याच मराठीत 'कुत्रा' ही शिवी आहे आणि वाईट मरणाला आपण 'कुत्र्याची मौत' म्हणतो. म्हणजे एकच प्राणी तसबिरीत वेद आणि रस्त्यावर शिवी. हे कसं काय?

याचं उत्तर कुत्र्यात सापडत नाही, त्याच्या आजूबाजूला सापडतं. चित्रातला कुत्रा हा एखाद्या व्हेरिएबलसारखा असतो. त्याची किंमत शेजारी कोण आहे, जागा कोणती आहे आणि गळ्यातला पट्टा कुणाच्या हातात आहे यावर ठरते. हा पट्टा धरूनच आज आपण काही हजार वर्षं फिरून येऊ.

पहिला थांबा सौदी अरेबिया. तिथल्या वायव्य भागात शुवैमिस आणि जुब्बा या ठिकाणी खडकांवर शिकारीची दृश्यं कोरलेली आहेत. ताठ कान आणि वळलेली शेपटी असलेल्या कुत्र्यांची टोळी सावजाला घेरते आहे आणि मागे धनुष्य घेतलेला माणूस उभा आहे. काही कुत्र्यांच्या गळ्यापासून थेट माणसाच्या कमरेपर्यंत एक रेघ ओढलेली आहे. अभ्यासकांच्या मते ही कोरीव चित्रं 8000 वर्षांहून जुनी असावीत. म्हणजे ही रेघ हा चित्रातला पट्ट्याचा जगातला सर्वात जुना पुरावा असू शकतो. रेघ खऱ्या दोरीची आहे की 'हा कुत्रा माझा' एवढंच सांगायला काढली आहे, यावर चर्चा चालू आहे. पण दोन्हींचा अर्थ एकच: नातं जुळलंय आणि ते दाखवावंसं वाटलंय.

तिथून इजिप्तला. अनुबिस हा देव तुम्ही गेममध्ये किंवा सिनेमात नक्की पाहिला असेल. काळं अंग, लांब कान, कोल्ह्या-कुत्र्यासारखं तोंड. हा मृतांचा रक्षक. पण मृतांच्या रक्षणाला कोल्हाच का? यामागे अभ्यासक एक साधं कारण सांगतात. वाळवंटाच्या कडेला प्रेतं उथळ पुरलेली असायची आणि तिथे कोल्हे-कुत्री उकरायला यायची. ज्याची भीती, त्यालाच पहारेकरी करून टाकलं! काळा रंगसुद्धा मुद्दाम दिलेला. नाईलच्या सुपीक गाळाचा रंग काळा, म्हणून तो पुन्हा उगवण्याचा रंग. 1922 साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर सापडली, तेव्हा आतल्या खजिन्याच्या खोलीच्या दारातच असा एक लाकडी अनुबिस बसलेला होता.

पहारेकरी कुत्रा रोमन लोकांनी तर थेट उंबऱ्यावर आणला. इटलीतल्या पॉम्पेई शहरात एका घराच्या प्रवेशाशी जमिनीवर, लहान लहान तुकडे जोडून केलेलं कुत्र्याचं चित्र आहे. साखळीला बांधलेला, दात विचकणारा. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, 'कावे कानेम', म्हणजे 'कुत्र्यापासून सावध'. आपल्याकडच्या बंगल्यांच्या फाटकावरची पाटी जवळपास 2000 वर्षं जुनी आहे, म्हणा ना! या चित्राचं काम धाक घालणं. पण त्यातून 'या घरात राखण्यासारखं काहीतरी आहे' हेही आपोआप सांगितलं जातं.

याच पॉम्पेईत दुसराही एक कुत्रा आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि शहर राखेखाली गेलं. राखेत गाडले गेलेले देह कुजून गेले, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. एकोणिसाव्या शतकात त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून साचे काढले गेले. 1874 साली असाच एक कुत्रा मिळाला. पाठीवर पडलेला, अंग पिळवटलेलं, पाय वर आणि गळ्यात पट्टा. तो बांधलेला होता, म्हणून त्याला निसटता आलं नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. एकात साखळी म्हणजे घराचा रुबाब आहे, दुसऱ्यात तीच साखळी म्हणजे मृत्यू. प्रतीक आणि प्रत्यक्ष यांच्यातलं अंतर इतकं उघडं फार क्वचित दिसतं.

आता जवळ येऊ. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या काळातलं, हे आपल्याला माहीत असतं. त्याच घराण्यातला तिसरा कृष्ण याने दहाव्या शतकात तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं. त्याच्या बाजूने लढलेल्या गंग राजा बुतुगाचा मनलेर नावाचा एक वीर होता. पराक्रमावर खूश होऊन राजाने विचारलं, काय हवं ते माग. मनलेराने काय मागावं? राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा! पुढे आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर इथे काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि दोघंही एकमेकांशी लढून मेले. मनलेराने काळीसाठी शिळा उभारली, तिच्यावर कुत्रा आणि डुकराची झुंज कोरली आणि पूजेसाठी जमीन दिली. हा कन्नड शिलालेख शके 872, म्हणजे इ.स. 949-50 चा आहे. शिळा आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. आपल्या गावोगावी दिसणारे वीरगळ लढाईत पडलेल्या माणसांचे असतात. इथे तो मान एका कुत्र्याला मिळाला, नावासकट.

युरोपात याच्या पाचेकशे वर्षांनंतर, 1434 साली, यान व्हान आइकने एक श्रीमंत व्यापारी आणि त्याच्या बायकोचं चित्र काढलं. 'आर्नोल्फिनी पोर्ट्रेट', लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोघांच्या मध्ये, पायाशी, एक झुपकेदार छोटा कुत्रा थेट आपल्याकडे बघतोय. 1934 साली एर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकाराने मांडलं की हे चित्र म्हणजे लग्नाचा पुरावाच आहे आणि कुत्रा म्हणजे पती-पत्नीमधली निष्ठा. हे इतकं गाजलं की 'चित्रात कुत्रा म्हणजे निष्ठा' असं समीकरणच झालं. पण नंतर इन्फ्रारेड किरणांनी रंगाखालचं कच्चं रेखाटन तपासलं, तर तिथे कुत्रा नाहीच! चित्रकाराने तो रंगवताना मागाहून टाकलाय. आता, मागाहून टाकलेल्या गोष्टीलाही अर्थ असू शकतो. पण चित्राचा सगळा डोलारा तिच्यावर उभा होता असं म्हणणं अवघड होतं. काही अभ्यासक म्हणतात, मांडीवर खेळवायचा असा कुत्रा ही तेव्हाची चैन होती, म्हणजे किमती फर आणि पितळी झुंबरासारखाच तोही श्रीमंतीचा भाग.

मग कुणाचीही खूण नसलेला, फक्त कुत्रा म्हणून असलेला कुत्रा चित्रात आहे का? माझ्या मते गोयाचा आहे. स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने 1819 नंतर, म्हातारपणी, माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर चौदा काळोखी चित्रं काढली. ती कुणाला दाखवायला नव्हती आणि त्याने त्यांना नावंही दिली नाहीत. त्यातल्या एकात खाली एक उतार, त्यामागून वर आलेलं कुत्र्याचं फक्त डोकं आणि वर सगळीकडे पिवळसर पोकळी. मालक नाही, घर नाही, पट्टा दिसत नाही. तो बुडतोय की कुणाची वाट बघतोय, कळत नाही. निष्ठा, पहारा, श्रीमंती यातलं एकही लेबल चिकटत नाही आणि म्हणूनच बहुधा तो आपल्याला स्वतःसारखा वाटतो.

शेवटचा कुत्रा ऐकणाऱ्यांचा. त्याचं नाव निपर. भोंग्यापाशी मान तिरकी करून बसलेला, एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा. इंग्लंडच्या फ्रान्सिस बॅरोने निपर गेल्यानंतर हे चित्र काढलं. आधी त्यात दुसऱ्या प्रकारचं यंत्र होतं. 1899 साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं ते त्या जागी आपला ग्रामोफोन रंगवून घेऊनच. हा कुत्रा मग आपल्याकडेही आला आणि नाट्यसंगीत, भावगीतं, अभंगांच्या तबकड्यांवर घरोघरी पोचला. चित्राचं नाव 'हिज मास्टर्स व्हॉइस'. मालक समोर नाही, नुसता आवाज आहे, तरी तो ओळखतोय. इथला पट्टा आवाजाचा आहे आणि जुन्या निष्ठेचं प्रतीक आता माल विकतंय.

आता परत दत्ताकडे. त्या चारही कुत्र्यांच्या गळ्यात बहुतेक तसबिरींमध्ये दोरी नसते. ती बांधलेली नाहीत, सोबत आलेली आहेत. खंडोबाच्या चित्रातही घोड्याबरोबर कुत्रा धावतो आणि पूर्वीचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे मानून विधींमध्ये भुंकत असत. जो प्राणी उंबऱ्याबाहेर ठेवायचा, तोच देवाच्या सर्वात जवळ, असं सांगणारी ही चित्रं आहेत. शिवी देणाऱ्या समाजानेच ती देव्हाऱ्यात लावली आहेत. म्हणून 'कुत्रा म्हणजे निष्ठा' असं पाठ करून चालत नाही. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा: तो कुणाच्या शेजारी आहे? बांधलेला आहे का? आणि तो कुणाकडे बघतोय?

तुमच्या गावातल्या वीरगळावर किंवा देवळाच्या भिंतीवर कुत्रा कोरलेला दिसला, तर फोटो काढून आम्हाला पाठवा आणि या तीन प्रश्नांची तुमची उत्तरंही लिहा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर ऐकत राहा, बघत राहा!