कॉफीचा फिल्टर : निवड आणि तिच्यामागील शास्त्र

मराठी माणसाचे नित्याचे पेय चहा, हे खरे. परंतु आमच्या बेळगावसारख्या गावी, जेथे भिंतीच्या एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस कानडी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे, तेथे कॉफीलाही स्वयंपाकघरात मानाची जागा मिळालेली आहे. आपल्या आज्या-पणज्यांची कॉफी निराळी होती. दूध आणि पाणी एकत्र उकळावयाचे, त्यात साखर व कॉफीची पूड टाकावयाची, वरून थोडे जायफळ किसावयाचे आणि गाळून पेल्यात ओतावयाचे, अशी तिची रीत. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ असे नाव होते. तो शब्द आता कोशातच उरला आहे. शेजारच्या कानडी घरातून आपल्याकडे आली ती मात्र फिल्टरची कॉफी.

हा फिल्टर हौसेने घरी आणला जातो, चार दिवस वापरला जातो आणि पुढे माळ्यावर जुन्या समईशेजारी जाऊन बसतो, असा अनुभव पुष्कळ घरांचा आहे. कोणी म्हणतो, कॉफी पाणचट होते. कोणी म्हणतो, अर्धा तास वाट पाहिली तरी थेंब खाली उतरत नाही. दोष भांड्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः बहुतेक वेळी फिल्टर ही वस्तू वाईट नसते, त्या घराला न शोभणारा फिल्टर निवडलेला असतो. निवड नीट व्हावी म्हणून त्या भांड्यात काय घडते हे आधी समजून घेतले पाहिजे, आणि जे घडते ते आपल्या आठवी-नववीच्या शास्त्राच्या पुस्तकाच्या फारसे बाहेरचे नाही.

फिल्टरमधून उतरणाऱ्या दाट अर्काला सगळे ‘डिकॉक्शन’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ काढा. पण आपल्या वैद्यकाच्या दृष्टीने हे नाव चुकीचे ठरेल. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविण्याचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. पाण्यात उकळून आटविला तो क्वाथ, म्हणजे काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून ठेवला तो हिम. आणि उकळलेले पाणी वरून ओतून, न उकळता जो अर्क काढावयाचा तो फांट. आजीची जायफळाची कॉफी हा क्वाथ होय. फिल्टरची कॉफी हा फांट होय. अलीकडे शहरांतील उपाहारगृहांत थंड पाण्यात बारा-बारा तास भिजवून केलेली कॉफी मोठ्या किमतीस विकतात, ती म्हणजे आपल्या वैद्यांचा हिमच!

क्वाथ आणि फांट यांत चवीचा एवढा फरक का पडावा? भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु हे सर्व घटक एकदम विरघळत नाहीत. आंबटसर आम्ले आणि सुवासिक द्रव्ये आधी उतरतात, मागून गोडसर व भारदस्त चव देणारी, आणि सर्वांत शेवटी कडू व तुरट. पुडीच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्यात उतरला म्हणजे चव जमली, असे जाणकार मानतात. त्याहून कमी उतरला तर कॉफी पाणचट व आंबट लागते, पुष्कळच अधिक उतरला तर कडवट होते. उकळत राहिल्याने हा शेवटचा कडू भागही उतरतो आणि सुवास वाफेबरोबर निघून जातो. म्हणूनच आजी साखर सढळ हाताने घालीत असे आणि जायफळही लागत असे. पाणी आणि पूड यांची गाठ किती वेळ पडावी, हेच कॉफीचे मुख्य गणित. आणि फिल्टर हे ती वेळ मोजून देणारे साधन आहे.

त्याची रचना पाहा. एकावर एक बसणारी दोन नळकांड्यांसारखी भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रांची चाळण. पुडीवर ठेवावयाची, मधोमध दांडी असलेली एक सच्छिद्र चकती. वर झाकण. बस्स, एवढेच. वरच्या भांड्यात पूड घालावयाची, चकतीने हलकेच सपाट करावयाची, उकळते पाणी ओतावयाचे आणि खालच्या भांड्यात अर्क थेंबथेंब जमू द्यावयाचा. ना वीज, ना पडदा, ना मोडणारा भाग.

आता मुख्य प्रश्न आकाराचा. आणि बहुतेक फसगत येथेच होते. आमच्या आळीतील एका काकूंची हकीकत सांगण्यासारखी आहे. घरी माणसे दोनच, काका निवृत्त झालेले, पेन्शनीवर संसार. काकूंनी ‘पाहुणे आले तर असावा’ म्हणून दहा कपांचा फिल्टर घेतला. कॉफी पातळ होऊ लागली तेव्हा त्या पूड वाढवीत गेल्या, आणि महिन्याला अर्धा किलो पुरणारी पूड पंधरा दिवसांत संपू लागली. काका म्हणाले, “त्यापेक्षा चहाच बरा, परवडतो तरी.” काकूंना मात्र सकाळची ती एक पेलाभर कॉफी सोडवेना, दिवसातून स्वतःसाठी म्हणून त्या तेवढेच काय ते करीत. “तुमचा फिल्टर फार मोठा आहे, काकू,” असे मी म्हटले, तेव्हा त्यांना ते पटेना. “अरे, मोठ्या पातेल्यात थोडा भात होत नाही का?” असा त्यांचा सवाल. भात होतो, कॉफी होत नाही. का, ते पाहू.

फ्रान्समधील दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे हेन्री डार्सी नावाचे अभियंता होते. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने पाझरते याचे प्रयोग करून त्यांनी १८५६ साली एक नियम प्रसिद्ध केला. पाझरणारे पाणी थराच्या क्षेत्रफळाच्या आणि वरील पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात वाढते, व थराची जाडी वाढली की त्या प्रमाणात घटते. वाळूच्या जागी कॉफीची पूड घाला, नियम तोच लागू पडतो. समजा, वीस ग्रॅम पूड पाच सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात घातली, आणि तेवढीच पूड सात सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात घातली. पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटीमीटर, दुसऱ्याचे सुमारे ३८.५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पूड आणि पाणी तेवढेच असल्याने मोठ्या भांड्यात दोहोंची उंची निम्मी होते. त्यांचे परस्परांशी प्रमाण बदलत नाही. क्षेत्रफळ मात्र दुप्पट झाले, म्हणून पाणी दुप्पट झपाट्याने उतरते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर प्रत्येक थेंबाला पुडीतून निम्मीच वाट चालावी लागते, आणि पुडीशी त्याची गाठ निम्माच वेळ पडते. अर्क पातळ झाला तर त्यात नवल ते काय! शिवाय पातळ थर सर्वत्र सारखा बसत नाही. जेथे तो विरळ असेल तेथून पाणी वाट काढते आणि बाकीची पूड जवळजवळ कोरडी राहते.

तेव्हा रोजच्या गरजेपुरताच फिल्टर घ्यावा. पूड घातल्यावर वरच्या भांड्याचा निदान तिसरा हिस्सा भरला पाहिजे, असा अंदाज ठेवावा. घरी कधी दोन तर कधी आठ माणसे कॉफी घेत असतील तर एक मोठा घेण्याऐवजी एक लहान व एक मध्यम असे दोन घेणे शहाणपणाचे. काकूंनी शेवटी दोन कपांचा घेतला. आता त्यांची अर्धा किलो पूड पुन्हा महिनाभर पुरते, आणि मोठ्या फिल्टरच्या खालच्या भांड्यात त्या साखर ठेवतात.

धातूविषयी बरेच गैरसमज आहेत. पितळेच्या फिल्टरमध्ये कॉफी अधिक वेळ गरम राहते असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. पदार्थविज्ञान या मताला फारसा आधार देत नाही. पितळ हे स्टेनलेस स्टीलपेक्षा कितीतरी पटींनी चांगले उष्णतावाहक आहे. आणि जाड पितळेचे भांडे आधी गरम करून घेतले नाही तर ओतलेल्या पाण्याची बरीच उष्णता तेच शोषून घेते. पितळ दिसते सुरेख, यात वाद नाही. पण त्यात तांबे व जस्त असते, आणि कॉफी किंचित आम्लधर्मी असते. म्हणून आतून कल्हई असल्याशिवाय ते वापरू नये. कल्हई झिजते, ती वेळोवेळी करावी लागते. आज नवसागर व कथील घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला किती गावांत दिसतो? आणि भेटलाच, तर चाळणीची बारीक छिद्रे कल्हईने बुजण्याचा संभव असतो. माझे मत विचाराल तर नित्याच्या वापरासाठी स्टेनलेस स्टील. पितळेचा फिल्टर आजोळचा असेल तर जपून ठेवावा, नवा विकत घेण्याचे कारण नाही.

दुकानात भांडे हाती घेतल्यावर वरचा भाग उजेडाकडे धरून तळ पाहावा. छिद्रे बारीक, सारख्या आकाराची आणि सर्वत्र सारखी पसरलेली असावीत. काही बुजलेली, काही फाटल्यासारखी मोठी असे असू नये. मोठ्या छिद्रांतून गाळ उतरतो. चकती काठापर्यंत जवळजवळ पोहोचली पाहिजे. वरचे भांडे खालच्यावर डळमळता कामा नये, पण अगदी गच्चही बसू नये. याचे कारण विद्यार्थिमित्रांना सहज सुचेल : अर्क खाली उतरावयाचा तर खालच्या भांड्यातील हवा बाहेर निघावयास हवी. हवा कोंडली की थेंब थांबतो. घरी फिल्टर असा अडून बसला तर वरचे भांडे क्षणभर उचलून पुन्हा ठेवावे, बहुधा काम होते.

पुडीचा विचार सोडून केवळ भांड्याची निवड करता येत नाही. कणांचा व्यास निम्मा झाला तर पाझर सुमारे एक चतुर्थांशावर येतो. म्हणून मैद्यासारखी बारीक पूड या फिल्टरला चालत नाही, आणि रव्यासारखी जाडी पूड पाणी धरीत नाही. दोहोंच्या मधली हवी. दळून देणाऱ्या दुकानदाराला ‘फिल्टरसाठी’ एवढे सांगितले म्हणजे तो समजतो. दुसरी गोष्ट चिकोरीची. चिकोरी ही एका झाडाची मुळी; ती भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफीन मुळीच नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाझर मंदावतो आणि अर्काला काळसर रंग व दाटपणा येतो. दुधाच्या कॉफीत थोडी चिकोरी पुष्कळांना आवडते, त्यात गैर काही नाही. मात्र अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे असा आपल्या देशात नियम आहे आणि प्रमाण पुड्यावर छापावे लागते. ते वाचावे. निम्मी मुळी कॉफीच्या भावाने घ्यावयाची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. चिकमगळूर आणि कोडगू आपल्यापासून काही फार लांब नाहीत. निव्वळ कॉफीची ताजी पूड बेळगावात सहज मिळते.

पाण्याबद्दल एकच सांगतो. समुद्रसपाटीपासून बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंच असल्याने येथे पाणी ९७-९८ अंश सेल्सियसलाच उकळते. फिल्टर गरम पाण्याने विसळून घेतला असेल, तर पाणी उकळताच ओतावयास हरकत नाही.

स्टीलच्या फिल्टरखेरीज इतर साधनेही आता बाजारात आहेत. त्यांपैकी कागदी गाळणीची कथा शाळकरी मुलांना आवडेल. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपाच्या तळाशी राहणाऱ्या गाळाचा कंटाळा आला होता. तिने पितळेच्या एका भांड्याला भोके पाडली, मुलाच्या वहीतील टीपकागद आत बसविला आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ साली या युक्तीची नोंदणी झाली, आणि पुढे त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. कागदाचा गुण असा की, तो कॉफीतील तेलकट द्रव्येही अडवितो. त्यांतील कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविते असे संशोधनाने सिद्ध झाले आहे. धातूची चाळण त्याला तितके अडवू शकत नाही. घरात कोणाला डॉक्टरांनी याबाबत जपावयास सांगितले असेल आणि दिवसाकाठी तीन-चार पेले कॉफी होत असेल, तर कागदी गाळणी घेणे योग्य. पण तिचा अर्क पातळ असतो, तो बिनदुधाचाच चांगला लागतो. शिवाय कागद संपला की काम अडते. इटलीत १९३३ साली निघालेल्या मोका भांड्यात वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. चार-पाच मिनिटांत दाट अर्क मिळतो, मात्र लक्ष चुकले तर तो करपतो. विजेची यंत्रे कचेऱ्यांसाठी ठीक. सकाळी वीज गेली की कॉफीही गेली.

दुधाची कॉफी पिणाऱ्या, दोन-चार माणसांच्या घराला स्टीलचा लहान फिल्टर पुरेसा आहे. रात्री निजण्यापूर्वी पूड-पाणी घालून ठेवले तर सकाळी अर्क तयार असतो. मात्र ताज्या अर्काचा सुवास त्याला नसतो, हे मान्य केले पाहिजे. वापर झाल्यावर चोथा लगेच काढून टाकावा आणि चाळण उलट्या बाजूने नळाच्या धारेखाली धरावी. साबण फार लावू नये, वास राहतो. काही महिन्यांनी छिद्रे तेलकट गाळाने बुजू लागतात, तेव्हा स्टीलच्या वरच्या भांड्याचा तळ चिमट्याने धरून क्षणभर गॅसच्या ज्योतीवर फिरवावा. गाळ जळून जातो, आणि थंड झाल्यावर ब्रशने घासला की छिद्रे पुन्हा उजेडात स्वच्छ दिसू लागतात. कल्हईच्या पितळेला हा उपाय कधीही करू नये, कथील वितळून जाईल.