टांगा मिळाला, टांगेवाला नाही

चाळीसगावच्या शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, अशी नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. मुलांनी तो शिलालेख अभिमानाने पाहावाच. पण चाळीसगावच्याच स्टेशनाबाहेर १९२९ साली जे घडलं, तेही त्यांच्या शिक्षणात यायला हवं.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा खानदेशात हिंडत होते. धुळे लाइनीवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता; स्टेशनावर हार घातले गेले. महारवाडा दोनेक मैलांवर, वाटेत नदी, नदीवर मोरी. बाहेर टांगे उभे होते, तरी बाबासाहेब तासभर खोळंबले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला राजी नव्हता आणि पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटत होतं. अखेर तोड निघाली: टांगेवाल्याने भाडं घेऊन टांगा द्यायचा, हाकायचा वस्तीतल्याच कुणीतरी. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा टांग्यासकट नदीत गेला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सविस्तर लिहिलंय. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात हे लिखाण अभ्यासाला आहे.

नुसतं हळहळून मुलांच्या हाती काही लागत नाही. त्यांना विचारावं: पैसे चालले, टांगाही चालला, मग अडलं कुठे? अडलं ते लगाम हाती धरण्यात, म्हणजे सेवेत. पाहुणा बॅरिस्टर होता, त्याने काही फरक पडला नाही. आणि वस्तीने पाहुण्याचा मान राखायला जो धोका पत्करला, त्याबद्दल तर वर्गात चकार शब्द निघत नाही. ‘उगाच वाद नको’ असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. स्टेशनावर जे लोक उभे होते, त्या दोन्हीकडच्यांची पणतवंडं आज एकाच बाकावर बसतात. त्यांनी हे एकत्र वाचण्याइतकं चांगलं काय?

खानदेशाला इतिहासाची आस्था नाही असं मुळीच नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रं जपतंय. पण ज्यांच्या घरी दप्तरच नव्हतं, त्यांचं काय? ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. ती हकीकत मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उरली आहे. त्या बंडाचा नायक खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत सेंधव्याचा घाट राखत होता. हा पेच मुलांपासून कशाला लपवायचा?

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर १९३७ साली बाबासाहेब आले होते. त्या भेटीच्या दिवशी, दर ३१ जुलैला, तिथे लोक जमतात, लेकराबाळांसह. कुठल्याही पाठ्यक्रमाने त्यांना धाडलेलं नाही. चाळीसगावच्या शाळांनी एवढं करावं: आठवी-नववीच्या मुलांना स्टेशनापासून नदीपर्यंत पायी न्यावं, हा प्रसंग वाचायला द्यावा, आणि टांगा येईपर्यंतच्या त्या तासाभरात कोण कुणाशी काय बोललं असेल, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं.