कोणता पोरगा घ्यायचा?

मंडळी, कबड्डीचे सामने जवळ आले की आपल्या रायगड जिल्ह्यात, आणि त्यातही उरण-पनवेलच्या पट्ट्यात, संध्याकाळी गावोगाव एक न्यायालय भरते. तिथे ना वकील, ना शिरस्तेदार. जासईसारख्या गावात देवळाच्या ओट्यावर नाहीतर चहाच्या टपरीपाशी दहापाच माणसे जमतात आणि खटला उभा राहतो तो हा, की यंदा संघात नवा पोरगा कोणता घ्यायचा. यांतल्या बहुतेकांना निवडीचा काडीचाही अधिकार नसतो. पण आवाज त्यांचाच मोठा! मला वाटते, ही बडबड म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. माणूस कसा पारखावा हा अवघड प्रश्न ही मंडळी आपापल्या परीने सोडवीत असतात.

जरा कान देऊन ऐका, म्हणजे त्या गलक्यात दोन पक्ष ओळखू येतील. एक म्हणतो, "आपला डावा कोपरा रिकामा आहे. घोटा धरणारा पोरगा आणा, चढाईवाले काय, पैशाला पासरी आहेत." दुसरा म्हणतो, "अरे, चांगला तो चांगला! कोपरा मागाहून बघू. असला पोरगा पुन्हा मिळायचा नाही." पहिल्याची नजर संघाच्या आजच्या गरजेवर असते, दुसऱ्याची पोराच्या उद्याच्या वाढीवर. दोघेही खरे बोलतात, म्हणून तर वाद मिटत नाही. आणि मध्येच कोणी म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणतो, "त्याचा बाप काय खेळायचा, ठाऊक आहे का तुम्हांला?" झाले! आता पोरगा बाजूला राहतो आणि बापाच्या पकडी सुरू होतात.

हा वाद फक्त आपल्याकडेच चालतो असे समजू नका. दूर ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. लंबवर्तुळाकार मैदान, अंड्याच्या घाटाचा चेंडू, एकेका बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसरून द्यायचा. हाताने फेकायचा नाही. मेलबर्न शहरात या खेळाचे वेड असे, की आपल्याकडे क्रिकेटचे तसे. तिथे संघ नवे खेळाडू घेतात ते 'ड्राफ्ट' नावाच्या पद्धतीने. देशभरातली साधारण अठरा वर्षांची होतकरू पोरे यादीत असतात, आणि संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. पाळीचा क्रम मोठा मजेदार आहे. ढोबळमानाने सांगायचे तर गेल्या हंगामात जो सर्वांत शेवटी आला, तो सर्वांत आधी निवडतो; जो अजिंक्य ठरला त्याची पाळी शेवटी. पंगतीत मागे राहिलेल्याला पुढच्या पंगतीत आधी वाढावे, तसा हा न्याय. 1986 साली ही पद्धत सुरू झाली. त्यापूर्वी खेड्यापाड्यांचा मुलूख संघांमध्ये वाटून दिलेला असे. ज्याच्या वाट्याला सकस मुलूख आला, तो वर्षानुवर्षे पुष्ट होत राही आणि दुसरा कुपोषित.

आपल्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला ऐकून आनंद होईल, की बापाचा मुद्दा तिथे चक्क नियमात बसवलेला आहे. ज्या संघाकडून बाप शंभर सामने खेळला, त्या संघाला त्याच्या मुलावर अग्रहक्क मिळतो. गॅरी ॲब्लेट नावाच्या नामांकित खेळाडूचा त्याच नावाचा मुलगा या हक्काने 2001 साली जिलाँग संघात आला, आणि पुढे 2009 व 2013 मध्ये तिथल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने मिळवले. बापाचा दाखला नेहमीच खोटा ठरतो असे नाही. पण त्या एका मुलाची गोष्ट सांगताना, ज्यांचे पुढे काहीच झाले नाही अशा मुलांची यादी आपण विसरतो, एवढे लक्षात ठेवावे.

त्याच 2001 सालचा दुसरा किस्सा अधिक बोधक आहे. पहिली पाळी फ्रीमँटल या संघाची होती. त्यांनी विचार केला, कोवळ्या पोराची वाट कोण बघत बसतो? त्यांनी ती पाळी आणि मागच्या आणखी दोन पाळ्या हॉथॉर्न संघाला देऊन टाकल्या आणि बदल्यात दोन तयार खेळाडू घेतले. त्यांतला एक, ट्रेंट क्रोड, दोन हंगाम खेळून परत हॉथॉर्नलाच गेला. दुसरा, ल्यूक मॅकफार्लिन, मात्र फ्रीमँटलच्या बचावाचा खांब होऊन वर्षानुवर्षे टिकला. म्हणजे सौदा अगदीच बुडाला असेही म्हणवत नाही.

हॉथॉर्नने त्या पहिल्या पाळीवर ल्यूक हॉज नावाचा पोरगा उचलला. दुसऱ्या पाळीवर सेंट किल्डाने ल्यूक बॉलला घेतले. तिसऱ्या पाळीवर वेस्ट कोस्टने ख्रिस जडला घेतले. जडच्या खांद्यांच्या दुखापतींची तेव्हा चर्चा होती. आता पुढे काय झाले पाहा. जडने 2004 आणि 2010 अशी दोनदा ब्राउनलो पदके मिळवली, आणि 2006 साली कर्णधार म्हणून अजिंक्यपद आणले. तेव्हा हॉथॉर्नच्या चाहत्यांनी कपाळावर हात मारून घेतला असेल. पण हॉज 2013, 2014 आणि 2015 अशी ओळीने तीन वर्षे अजिंक्य संघाचा कर्णधार होता. मग पहिला कोण घ्यायला हवा होता? पंचवीस वर्षे होत आली, दोघेही निवृत्त झाले, तरी हा प्रश्न तिथे निघाला की माणसे चहा थंड होईपर्यंत भांडतात. आणि त्याच वर्षी अठ्ठावन्नाव्या पाळीवर निघालेल्या डेन स्वानने 2011 चे ब्राउनलो पदक पटकावले. त्याच्या आधी सत्तावन्न वेळा संघांनी दुसरीच नावे पुकारली होती.

आता घरी येऊ. आपल्याकडे 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पाळीची नव्हे तर लिलावाची पद्धत आली. संघ आपले काही खेळाडू राखून ठेवतो, बाकीच्यांवर बोली लागते. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून आपला गडी परत ठेवून घेण्याची एक सोयही आहे. दुबळ्याला आधी वाढण्याऐवजी इथे प्रत्येकाची थैली सारखी केलेली असते; 2023 आणि 2024 च्या लिलावांत ती प्रत्येक संघाला पाच कोटींची होती. म्हणजे एकावर दोन कोटी उधळले, तर उरलेल्या गड्यांसाठी तीनच राहतात. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला 12 लाख 80 हजार मिळाले होते. 2023 साली पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांच्या वर गेली. अगदी नवख्या पोरांसाठी मात्र वेगळा दरवाजा आहे. चाचण्यांतून हेरून संघ त्यांना 'नवे तरुण खेळाडू' म्हणून कराराने घेतात. ओट्यावरचा खरा वाद या दरवाजापाशी चालतो, कारण तिथे भाव ठरलेला नसतो, पारख तेवढी असते.

चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला 2018 साली यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतले. एकच हंगाम तो असा खेळला, की पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. पोरगा तोच, मांड्या त्याच, गाव तेच. वर्षभरात फक्त लोकांची नजर बदलली. उलट बाजूही पाहा. परदीप नरवाल प्रथम बंगळूरकडून मोजके सामने खेळला आणि फारसा कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. मग पाटण्याने त्याला घेतले, आणि ओळीने तीन अजिंक्यपदे पाटण्याकडे गेली. चढाईच्या अठराशेहून अधिक गुणांचा हा धनी. 2021 साली त्याला 1 कोटी 65 लाख मिळाले, 2024 मध्ये 70 लाख, आणि 2025 च्या लिलावात त्याच्यावर एकही बोली लागली नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. वय तिशीच्या आतच!

धीर धरणाऱ्या संघाचे उदाहरण हवे असेल तर पुणेरी पलटणचे घ्या. अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी तरुण पोरे त्यांनी हाताशी धरली, खेळू दिली, हरू दिली. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणाला 28-25 असे हरवून पलटणने पहिले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा अस्लम कर्णधार होता. याचा अर्थ त्यांनी विकत काही घेतलेच नाही असा नव्हे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी त्यांनी त्याच हंगामात 2 कोटी 35 लाख ओतले होते. घरचे पीक आणि बाजारचे बियाणे, दोन्ही.

असो. करोडोंच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. पण जासईच्या पालकाच्या दृष्टीने यात खरे पणाला काय लागते? हा भाग पूर्वी भाताचा आणि मिठाचा. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1984 च्या जानेवारीत शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. जमीन गेलेल्या घरात पोराच्या हाताला काम काय, हा प्रश्न त्याच्या खेळाशी येऊन भिडतो. पूर्वी मुंबईतल्या कंपन्या, बँका, रेल्वे, पोलीस आपापले कबड्डी संघ बाळगीत, आणि चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी लागे. ती निवड एका हंगामाची नव्हती, निवृत्तीवेतनापर्यंतची होती. आता अशा जागा कमी झाल्या आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला राज्य-राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते आणि शिक्षणाची अटही लागते. म्हणून "दहावी राहू दे, आधी मॅट गाजव" असे कोणी पोराला सांगत असेल, तर तो त्याचा एक दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करतो आहे.

मुलींची नावे या ओट्यावर निघतच नाहीत, हे मला खटकते. अभिलाषा म्हात्रे 2012 च्या विश्वविजेत्या भारतीय संघात होती, आणि 2015 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. आपल्या शाळांतून अशी एखादी पोरगी शेवटच्या बाकावर बसलेली नसेलच, असे कोण सांगणार?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. पोरगा सगळ्यांत आधी दिसतो तो तुम्हांला. सोळाव्या वर्षी जो सर्वांत दांडगा, तोच पुढे श्रेष्ठ, ही समजूत फसवी आहे. काही पोरांना मिसरूड लवकर फुटते, ती बरोबरीच्यांना नुसत्या वजनाने लोळवतात. दोन वर्षांनी बाकीचे वाढले की यांची मिजास उतरते. म्हणून अंगापेक्षा पाय पाहा. चढाईत शिरताना नाही, परतताना पाहा. घाबरलेला पोरगा मधल्या रेषेकडे तोंड फिरवून पळतो, हुशार पोरगा पाठ दाखवीत नाही. पकड चुकून साथीदार बाद झाल्यावर तो त्याच्यावर खेकसतो, की मुकाट्याने साखळीत हात देतो, तेही पाहा. संघ दहा गुणांनी मागे असताना कोण कसा खेळतो, हे जितके सांगून जाते तितके फायनलचा करंडकही सांगत नाही.

आणखी एक. आपली पोरे मातीवर वाढतात, वरची निवड होते मॅटवर. मातीत अनवाणी पाय किंचित सरकतो, त्यावर पोराने आपली हूल बसवलेली असते. मॅटवर बुटाचा तळवा चिकटतो आणि गुडघा पिळवटतो. जिल्ह्याच्या चाचणीला जाण्याआधी चार दिवस तरी त्याला मॅटवर उभे करा. तसे न करता "आमचा वाघ तिथे मांजर झाला" म्हणून रडण्यात अर्थ नाही.

वाट तशी सरळ आहे: शाळा, तालुका, जिल्हा, मग किशोर किंवा कुमार गटाचा राज्याचा संघ, आणि तिथे नजरेत भरला तर व्यावसायिक संघांची चाचणी. या प्रत्येक पायरीवर वयाची आणि कुमारवयात वजनाचीही अट असते. दोन किलो उतरवण्यासाठी पोराला दिवसदिवस उपाशी ठेवणारे मार्गदर्शक असतात. त्यांना हटकायला शिक्षकाने कचरू नये. आणि जन्मतारीख! ओट्यावरचे कोणीतरी हळूच येऊन म्हणेल, "गुरुजी, एक वर्ष कमी करता येईल का?" त्या वेळी शाळेचे जनरल रजिस्टर कपाटातून काढावे, पोराचे पान उघडून त्यांच्यासमोर ठेवावे आणि तारीख मोठ्याने वाचून दाखवावी.