जस्ताच्या ओतीव कामाची चकाकी

जुनी मोटार रस्त्यात उभी राहिली की माणसे तिच्याभोवती जमतात, आणि त्यांची बोटे बहुधा चकाकणाऱ्या भागांवरूनच फिरतात: पुढची जाळी, दाराची मूठ, बॉनेटवरचे चिन्ह. हे सगळे लोखंड किंवा पितळ असेल असे आपण धरून चालतो. परंतु १९३० ते १९६० या काळातल्या अमेरिकन गाड्यांत यातले बरेचसे जस्त असते. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जोडल्या गेलेल्या डॉज आणि प्लिमथ याच कुळातल्या.

जस्त का, तर ते ४१९ अंशांवर वितळते. त्यामुळे वितळलेला रस दाबाने पोलादी साच्यात सोडला तरी साचा हजारो वेळा टिकतो, आणि नक्षीदार वस्तू क्षणात तयार होते. यालाच डाय-कास्टिंग म्हणतात. सुरुवातीच्या कामात मात्र एक रोग होता. जस्तात शिसे किंवा कथील किंचित जरी मिसळले असले, तरी दमट हवेत ते कणाकणांच्या सांध्यांतून आतून कुजते, फुगते आणि तडकते. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तात चार टक्क्यांच्या आसपास अॅल्युमिनियम व थोडे मॅग्नेशियम घालून ‘झामॅक’ मिश्रधातू काढला, तेव्हा हे दुखणे आटोक्यात आले. त्याआधीचा भाग आतून तडकला असेल, तर त्यावर उपाय नाही. नवा ओतून घ्यावा.

बाकीच्यांचे दुखणे वेगळे. जस्तावर तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ थर असतो. त्याला सूक्ष्म छिद्रे असतातच. पाणी आणि मीठ तेथून उतरले की तांबे-निकेल सुरक्षित राहतात आणि त्यांच्या वतीने जस्त झिजते. तयार झालेली पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, म्हणून वरची कातडी फोडासारखी उचलली जाते. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते.

आता साफसफाई. आमच्या घरात पितळेला चिंच लावतात, आणि तोच हात मोटारीवर फिरतो. तो फिरवू नये. जस्त आम्लातही विरघळते आणि तीव्र कॉस्टिक सोड्यातही. माझ्या एका गाडीच्या दाराच्या मुठी एका मुलामावाल्याने लोखंडी बंपरबरोबर तेजाबाच्या हौदात टाकल्या. परत आल्या त्या खडबडीत, कडा खाल्लेल्या. तशा मुठी मला पुन्हा मिळाल्या नाहीत. म्हणून भाग काढला की आधी धातू ओळखावा. मागच्या बाजूला, जिथे मुलामा नसतो, तिथे जरा खरवडा. पिवळे दिसले तर पितळ, निळसर राखाडी दिसले आणि लोहचुंबक घट्ट धरत नसेल, तर बहुधा जस्त. अॅल्युमिनियम हातातच ओळखू येते, इतके ते हलके.

वरची कातडी शाबूत असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि शेवटी मेण. यापुढे जाऊ नये. खड्डे पडले असतील तरच मोठे काम. जुना मुलामा कारखान्यात जपून उतरवायचा, प्रत्येक खड्डा पांढरी भुकटी संपून चकचकीत धातू दिसेपर्यंत कोरायचा, मग तांब्याचा थर, खड्ड्यांत नरम डाखाचा भराव, घासणे, पुन्हा तांबे, बफ, निकेल, क्रोम. खड्ड्यात भुकटी राहिली तर फोड पुन्हा येतो. मजुरी इथेच जाते आणि घाईही नेमकी इथेच होते. पहिले तांबे सायनाइडच्या द्रावणातून चढवतात, कारण तांब्याच्या आम्लयुक्त द्रावणात जस्तच विरघळू लागते. सायनाइडमध्ये आम्ल मिसळले तर प्राणघातक वायू निघतो, आणि क्रोमच्या हौदातले रसायन कर्करोगकारक आहे. हौशी माणसाने हे घरी करू नये. त्याचे काम भाग ओळखण्याचे, कारखान्याला हे जस्त आहे असे बजावण्याचे आणि कोरलेले खड्डे स्वतः पाहून येण्याचे.

भाग परत बसवताना मागची उघडी बाजू रंगवून घ्यावी, आणि पत्र्याशी जिथे तो टेकतो तिथे रबराची पातळ गादी घालावी, म्हणजे पाणी साचत नाही. स्क्रू बेताने आवळावेत. जस्त ठिसूळ असते.