लेखणीपूर्वी हाताची तयारी



वार्षिक अहवाल म्हटला की रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि ताळेबंद यांचीच अपेक्षा असते. ती माहिती अन्यत्र दिलेली आहेच. तथापि आपल्या बालरोग विभागात पालक वारंवार विचारतात त्या एका प्रश्नाविषयी येथे थोडे विवेचन करणे उचित वाटते. "मूल साडेतीन वर्षांचे झाले, तरी अक्षर काढता येत नाही, एखादे टॉनिक आहे का?" असा तो प्रश्न. "औषध नको, खेळू द्या," हे डॉक्टरांचे उत्तर ऐकून अनेकांचे समाधान होत नाही. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु तज्ज्ञांकडून समजून घेतलेले या उत्तरामागील शास्त्र सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ स्वरूपात असतात व एकामागून एक टणक होत जातात. ही क्रिया पूर्ण होण्यास साधारण नऊ ते बारा वर्षे लागतात. स्नायूंवरील नियंत्रणही क्रमाने येते : प्रथम खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. म्हणूनच लहान मूल प्रथम संपूर्ण हात हलवून रेघोट्या ओढते. सर्वसाधारणपणे दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान उभी रेघ, तीनच्या सुमारास वर्तुळ, चारच्या सुमारास अधिकचे चिन्ह आणि पाचच्या सुमारास त्रिकोण पाहून काढता येतो. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत पेन्सिल धरून केवळ बोटांनी ती फिरवणे बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. आपल्या देवनागरीत उभा दंड, तिरपी रेघ, गोलाई, गाठ आणि वरची शिरोरेषा हे सारे एकाच अक्षरात येऊ शकते. त्रिकोण न जमणाऱ्या हाताकडून 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची अपेक्षा करणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना धनादेश काढण्यासारखे आहे.

हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. तेथे मुले लिहिण्यापूर्वी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. ताराबाई मोडक यांनी हीच दृष्टी आपल्या परिसरात रुजवली. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. परदेशी पद्धतीची महाग साधने गरीब वस्तीला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने व काड्या अशा परिसरातील वस्तू आल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

आपल्या घरांतही ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. कणकेचा गोळा मळल्याने तळहाताला बळ येते. मटारच्या शेंगा सोलताना अंगठा व तर्जनी एकत्र काम करतात. मणी ओवताना एक हात धरतो, दुसरा ओवतो आणि डोळा दोघांना मार्ग दाखवतो. चिमटीतून रांगोळी सोडणे, गोटी नेमावर मारणे, सागरगोटे झेलणे, दिवाळीत मातीचा किल्ला करणे, सदऱ्याची बटणे स्वतः लावणे, हे सर्व लेखनाचेच पूर्वपाठ होत. झोके घेणे व दोरीला लोंबकळणे यांनी खांदा भक्कम होतो. तो डळमळीत असेल तर बोटे स्थिर राहत नाहीत. मात्र मणी, चिंचोके यांसारख्या बारीक वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि मोठ्या मुलांनाही मोठ्यांच्या देखरेखीतच द्याव्यात.

कॅम्प नं. ३ च्या परिसरात मराठी, सिंधी व हिंदी भाषक कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. मुले वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात. परंतु स्नायूंना माध्यम नसते. येथील अनेक घरांची चूल जीन्सच्या शिलाईवर पेटते. कारखान्यात नव्या माणसाला आधी धागे कापण्यास बसवतात, मशीन नंतर देतात. हात बसला की टाका आपोआप सरळ येतो. हाच न्याय आपण आपल्या मुलांना लावावा, एवढेच मागणे आहे. अकाली सक्तीने पेन्सिलची पकड आवळते, बोटे दुखतात आणि वहीविषयी मनात धास्ती बसते. मूल डावखुरे असल्यास त्याचा हात बदलू नये.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष नको. दीड वर्षापूर्वीच मूल सतत एकच हात वापरत असेल व दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, आधी येणारी कृती आता येईनाशी झाली असेल, हात थरथरत असतील, किंवा पाच वर्षांनंतरही मोठे बटण लावणे व साधे आकार काढणे जमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व दृष्टीही तपासून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

रुग्णालयास यंत्रसामग्री देणाऱ्या दात्यांचे आम्ही ऋणी आहोतच. त्याचबरोबर एखाद्या बालवाडीस वह्यांसोबत मातीचा डबा, जाड खडू आणि मोठे मणी देण्याचाही विचार व्हावा, अशी नम्र विनंती आहे. या देणगीची नोंद ताळेबंदात होणार नाही. ती दोन-तीन वर्षांनी मुलांच्या वहीत, न कुरकुरता लिहिलेल्या पहिल्या ओळीत, वाचावयास मिळेल.