पडद्यापुढच्या सोळा खुर्च्या

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेटसमोर बसलेल्या माणसांच्या नजरा अधूनमधून वरच्या स्क्रीनकडे जातात. तिथे एक यादी सरकत असते. आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि नावाचे एक. कुलकर्णी असोत की केलर, कात्री सगळ्यांना सारखीच. शेजारी दोन आकडे: फर्स्ट क्लासमध्ये जागा किती उरल्या आणि त्यांवर डोळा ठेवून किती जण बसलेत. जागा दोन आणि उमेदवार तीस-चाळीस, हे चित्र तिथे रोजचे.

यादीतल्या बहुतेकांनी तिकीट इकॉनॉमीचे काढलेले असते. एकाच कंपनीच्या विमानांतून वर्षभर हिंडल्याबद्दल रिकामी राहिलेली पुढची जागा फुकट मिळावी, एवढीच त्यांची अपेक्षा. कित्येक वर्षे ती पुरीही होत होती. अलीकडे मात्र यादी लांबत चालली आहे आणि जागा त्याआधीच विकल्या जात आहेत.

आधी सगळेच फर्स्ट क्लास

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या विमानांत वेगवेगळे वर्ग नव्हतेच. विमान म्हणजे चैन, आणि भाडेही तसेच. नोव्हेंबर १९४८मध्ये कॅपिटल एअरलाइन्सने न्यूयॉर्क–शिकागो मार्गावर रात्रीचे स्वस्त विमान सुरू केले. वेळ अडनिडी, पण भाडे बरेच कमी. विमाने भरू लागली, इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला आणि एकाच विमानात दोन वर्ग दिसू लागले.

पुढची तीस वर्षे भाडी सरकारी मंडळ ठरवत होते. भाड्यात स्पर्धा करता येत नसल्याने कंपन्या जेवणात, गणवेशात आणि आदरातिथ्यात चढाओढ करत. ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली. भाडी उतरली, गर्दी वाढली, आणि आपला प्रवासी दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. मे १९८१मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही मैल मोजणारी योजना आणली. युनायटेड काही दिवसांतच मागोमाग आली, डेल्टाही त्याच वर्षी. सततच्या प्रवाशाला खूश ठेवायला कंपनीकडे एक हुकमी वस्तू होती: रिकामी जाणारी पुढची खुर्ची.

जमिनीचा हिशेब

या खुर्चीची किंमत समजून घ्यायला टेप घेऊन बसावे लागते. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८०० विमानात १७२ आसने आहेत. त्यांतली पहिली १६ फर्स्ट क्लासची. इकॉनॉमीत एका रांगेत तीन आणि तीन अशा सहा खुर्च्या, पुढे दोन आणि दोन. पुढच्या दोन रांगांमधले अंतर साधारण ३७ इंच, मागे ३०. म्हणजे फर्स्ट क्लासच्या चार रांगांनी व्यापलेल्या १४८ इंचांत इकॉनॉमीच्या जवळजवळ पाच रांगा बसतात. सोळाच्या जागी तीस माणसे.

म्हणजे पुढची एक खुर्ची मागच्या दोन खुर्च्यांपेक्षा थोडीशीच कमी जमीन खाते. भाडे इकॉनॉमीच्या दुपटीला पोचले, तर कंपनीची जागेची भरपाई होते. त्याच्या वर गेले तर नफा, खाली आले तर प्रवाशाचा फायदा. नाटकाची तिसरी घंटा झाली की न विकलेल्या तिकिटाचे मोल शून्य होते, तसेच इथेही विमानाचे दार बंद झाले की संपले. म्हणूनच ऑनलाइन चेक-इन करताना ‘एवढे डॉलर भरा आणि पुढे बसा’ असा प्रस्ताव येतो आणि तो कधीकधी मूळ फरकापेक्षा बराच स्वस्त असतो.

हा हिशेब कंपन्यांनी उशिरा, पण नेटाने मांडला. डेल्टाच्या देशांतर्गत फर्स्ट क्लासमधल्या आसनांपैकी २०१०च्या सुमारास जेमतेम दहा-पंधरा टक्के आसनांसाठी कोणी पैसे मोजत होते. बाकीची निष्ठावंतांना मिळत किंवा रिकामी जात. आता विकल्या जाणाऱ्या आसनांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास गेले आहे. भाड्यातला फरक कमी ठेवा, पण फुकट देऊ नका, हे यामागचे साधे सूत्र.

मिळते काय, मिळत नाही काय

‘फर्स्ट क्लास’ म्हटल्यावर मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानातली पलंगासारखी आसने डोळ्यांपुढे आणली, तर पदरी निराशा येईल. इथली खुर्ची ऐसपैस असते, पाठ बऱ्यापैकी मागे जाते, पण आडवे होता येत नाही. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यातून उलगडून काढायचा, त्यामुळे दोन खुर्च्यांमधला दांडा उचलला जात नाही. लेकराला कुशीत घेऊन बसणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. दोघांच्या मध्ये पेले ठेवायला छोटी पाटी. अगदी पहिल्या रांगेत समोर भिंत, म्हणजे पायांशी पिशवी ठेवायची सोय नाही, ती वरच टाकावी लागते. विमान हलण्याआधी पाणी, रस किंवा वाइन विचारली जाते. पूर्ण जेवण साधारण ९०० मैलांहून लांबच्या उड्डाणात, तेही जेवणाच्या वेळेत. त्याहून छोट्या टप्प्यात खाऊची टोपली फिरते. शाकाहारी माणसाने किमान २४ तास आधी जेवण नोंदवलेले बरे, नाहीतर आपल्या रांगेपर्यंत येईतो कोंबडीच उरलेली असते.

लाउंजच्या बाबतीत अमेरिकेची रीत उर्वरित जगापेक्षा वेगळी आहे. निव्वळ देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या तिकिटावर तिथे बहुतेक वेळा लाउंजमध्ये प्रवेश मिळत नाही. पण मुंबईहून बिझनेस क्लासने निघालेल्या प्रवाशाला त्याच तिकिटावरच्या शेवटच्या देशांतर्गत टप्प्यासाठी फर्स्ट क्लासची जागा मिळते आणि लाउंजही खुले असते. विमानात शेजारी बसणारे दोघे, त्यातला एक दोन तास सूप पीत बसलेला आणि दुसरा गेटजवळच्या खुर्चीवर सँडविच खात!

खरा पैशाचा फरक सामानात पडतो. २००८मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने इकॉनॉमीतल्या पहिल्या बॅगेवर १५ डॉलर लावले आणि तो पायंडाच पडला. २०२४मध्ये पहिल्या बॅगेला ३५-४० डॉलर पडत, दुसरीला त्याहून अधिक. मोठ्या कंपन्यांच्या फर्स्ट क्लासच्या तिकिटात मात्र प्रत्येकी ७० पौंडांच्या, म्हणजे जवळपास ३२ किलोंच्या, दोन बॅगा फुकट. गोडा मसाला, भाजणी आणि पापडांनी फुगलेल्या बॅगा घेऊन घरी निघालेल्या कुटुंबाने भाड्याची तुलना करताना हे पैसे विसरू नयेत.

चार तासांची रेघ

वाटेत एखादे शहर पाहून घरी जायचे असेल, तर आणखी एक नियम माहीत हवा. अमेरिकेच्या देशांतर्गत प्रवासात दोन विमानांमधले अंतर चार तासांपर्यंत असेल तर ते साधे कनेक्शन. नेवार्क–शिकागो–सॅन फ्रान्सिस्को असे एकच सलग भाडे लागते. त्याहून जास्त थांबलात तर तो मुक्काम धरला जातो आणि बहुतेकदा दोन वेगळी भाडी पडतात. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळीच असेल तेव्हा रात्रीची सूट मिळते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर ही मर्यादा २४ तासांची. म्हणून मुंबईहून शिकागोमार्गे पश्चिम किनाऱ्यावरच्या घरी परतणाऱ्याला, वेळापत्रक जुळले तर, जादा भाडे न देता शिकागोत अर्धा-पाऊण दिवस काढता येतो.

तेवढा वेळ पुरतो. विमानतळाखालून निघणारी ब्ल्यू लाइन चोवीस तास चालते आणि सुमारे पाऊण तासात शहराच्या मध्यभागी सोडते. तिथून मिलेनियम पार्क चालत जाण्याजोगे. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ तिथेच आहे: १० मीटर उंच, २० मीटर लांब, १६८ पोलादी पत्र्यांचे. पत्रे जोडल्याच्या खुणा इतक्या घासून मिटवल्या आहेत, की हात फिरवूनही सांधा लागत नाही. दोन पावलांवर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. सप्टेंबर १८९३मध्ये सर्वधर्म परिषद भरली ती इथे. समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ साली याच शहरात जन्मले. परतताना सुरक्षा तपासणी पुन्हा होते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

पुढचा सॅन फ्रान्सिस्कोचा टप्पा साडेचार तासांचा. रात्रभराच्या प्रवासानंतर आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर रुंद खुर्चीला जी किंमत येते, ती दीड तासाच्या उड्डाणात कधीच येत नाही.

आता गणित इकडेही

ज्यांनी हा वर्ग वर्षानुवर्षे टाळला, त्यांनाही तो आता खुणावतो आहे. स्वस्त भाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रंटियरने आणि जेटब्लूने डिसेंबर २०२४मध्ये, एकाच आठवड्यात, देशांतर्गत विमानांत पुढच्या रुंद खुर्च्या बसवण्याची घोषणा केली. जेटब्लूच्या ठरावीक लांब मार्गांवर २०१४पासून आडवी होणारी ‘मिंट’ आसने होती. नव्या खुर्च्या उरलेल्या विमानांसाठी.

भारतात त्याच सुमारास, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी, इंडिगोने मुंबई–दिल्ली मार्गावर ‘स्ट्रेच’ सुरू केले. अठरा वर्षे एकाच वर्गाची विमाने उडवणाऱ्या कंपनीने एअरबस ए३२१निओमध्ये दोन-दोनच्या रांगांत १२ खुर्च्या मांडल्या. याच विमानाच्या एकवर्गीय रचनेत २३२ आसने मावतात. स्ट्रेचच्या विमानात बारा धरून २२०. म्हणजे बारा खुर्च्यांसाठी चोवीस गेल्या, शिकागोच्या गेटवरच्या विमानासारखाच दुपटीचा भाव. सुरुवातीचे तिकीट १८,०१८ रुपयांपासून होते. एअर इंडियाच्या ए३२०निओमध्ये ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी अशी वाटणी आहे. मद्य मात्र आपल्याकडच्या देशांतर्गत विमानात कोणत्याच वर्गाला मिळत नाही.

इथे हिशेबात करही धरावा लागतो. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी. त्यावरच्या वर्गांवर पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के झाला. तेव्हा पुढच्या जागेसाठी मागितलेली जादा रक्कम करासकट किती होते ते पाहावे आणि इकॉनॉमीत मिळणाऱ्या १५ किलोंपेक्षा आपले सामान किती जास्त भरते, तेही वजनकाट्यावर ठेवूनच ठरवावे.