अन्न वेगळं करा, लेकरू वेगळं करू नका

शेंगदाण्याशिवाय आपल्या घरचा स्वयंपाक होत नाही. भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी, शाळेच्या दारात चिक्की. पण काही लेकरांच्या शरीराला हाच शेंगदाणा सोसत नाही. कुणाला अंडं, कुणाला दूध, कुणाला मासळी किंवा गहू. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. ही अन्नाची अ‍ॅलर्जी. ती नजर नाही, बाहेरची बाधा नाही, आणि आईच्या हयगयीने होणारा आजारही नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसतं, की अशा लेकराची आई एकटी पडते. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." शेजारीण प्रेमाने म्हणते, "एका घासाने काय होतंय?" शाळेत मग सोपा मार्ग काढला जातो : लेकराला जेवताना बाजूला बसवतात. वेगळ्या पंगतीचा अर्थ आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. लेकराला अ‍ॅलर्जी समजत नाही, बाजूला बसवलेलं मात्र समजतं. म्हणून आमचं म्हणणं आहे : ताटातला जिन्नस बदला, पंगत बदलू नका. आणि हे एकट्या आईला झेपणारं नाही. वस्तीनेच ते उचललं पाहिजे.

असं काम साध्या बायांना जमतं, याचं उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांत दलित बाया होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. गावात हातपंप बसवताना तो दलित वस्तीत बसवला, म्हणजे साऱ्या गावाला तिथेच पाण्याला यावं लागलं. बाया शिकल्या, त्यांनी शेजारणींना शिकवलं. अमेरिकेत अ‍ॅन मुनोझ-फर्लाँग या आईने १९९१ मध्ये असंच केलं. तिच्या मुलीला दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी होती. तिने अशा आईबापांची संघटना उभी केली.

आपल्या वस्तीत सुरुवात पाच जणांपासून करू : आई, आजी, शेजारीण, आशाताई आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा लेकरू आजीजवळ राहतं, म्हणून आजी यात हवीच. या पाच जणांना तीन गोष्टी पाठ हव्यात.

पहिली : लेकराला नेमकं काय चालत नाही. कूट घातलेल्या कढईतला डाव दुसऱ्या भाजीत घातला, तरी त्रास होऊ शकतो. जयंतीचं भोजनदान असो की पौर्णिमेची खीर, कशात काय आहे ते वाढणाऱ्याने सांगावं. पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, सोयाबीन असल्यास तसं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. सुट्ट्या फरसाणाला आणि चिक्कीला पाकीटच नसतं, तिथे जपावं.

दुसरी : धोक्याची खूण. श्वासाला घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, गळून जाणं, किंवा गांधींबरोबर सारख्या उलट्या. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, तेही लगेच, मांडीत. अ‍ॅव्हिल किंवा सेट्रिझिनच्या गोळीने खाज कमी होते, पण बंद होत चाललेला श्वास मोकळा होत नाही. १०८ ला फोन करा. लेकराला चालवू नका. आडवं झोपवून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसतं ठेवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, त्रास पुन्हा उलटू शकतो.

तिसरी : हे इंजेक्शन जवळ कुठे मिळेल. लसीकरणाला येणाऱ्या नर्सताईंच्या किटमध्ये ते असतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, रात्री कोण असतं, हे पाच जणांनी जाऊन आधीच विचारून ठेवावं. एकटी बाई विचारते तेव्हा "उद्या या" म्हणतात. पाच जणी गेल्या की उत्तर मिळतं.

एक इशाराही देतो. नुसत्या शंकेवरून अंडं, दूध, शेंगदाणा बंद करू नका. गरिबाच्या घरात अंगी लागणारं स्वस्त अन्न तेच आहे. दूध पिऊन नुसतं पोट फुगणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडून किंवा जिल्हा रुग्णालयातून खात्री करून घ्या. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी आढळली. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना बारीक कूट पेजेत कालवून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो. अंगावर जास्त इसब असेल किंवा अंड्याचा त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात दहा मिनिटं थांबा. एवढंच विचारा : "आपल्या वस्तीत कुणाच्या लेकराला काय खाऊन त्रास होतो?" एखादी आई हात वर करील. तिच्या शेजारी आणखी चौघी जाऊन बसल्या, की काम सुरू झालं.